एवढ्याशा लेझरवर एवढं काय संशोधन? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेर तालुक्यातली. फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून, संदेश पाठवणाऱ्या सेमीकंडक्टर लेझरवर पीएचडी करते. दिवाळीला आणि मे महिन्यात गावी आले की ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत तेच ते प्रश्न येतात. काही प्रश्न कॉलेजातल्या पोरांचे, काही केबल जोडणाऱ्या भावंडांचे आणि बरेचसे आमच्या आत्याचे. उत्तरं एकदाची लिहून काढलीत. पुढच्या वेळी मी जेवत असताना कोणी विचारलं तर हेच पाठवीन.

तू तठे दिवसभर काय करस?

हा आत्याचा प्रश्न, दर वेळी पहिला. खरं उत्तर असं : मिठाच्या खड्याहून लहान चिप तापवते आणि ती कधी दम सोडते ते बघते. चिपची लांबी जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. ती तांब्याच्या ठोकळ्यावर बसवलेली असते. बारीक सुईनं तिला करंट द्यायचा, समोर किती उजेड पडला ते मोजायचं, ठोकळा पाच अंशांनी तापवायचा, पुन्हा मोजायचं. वीस अंशांपासून ऐंशी-नव्वदपर्यंत. मग दुसरी चिप. बाहेर ऊन कितीही असो, आमच्या खोलीत बावीस अंश, आणि त्या गार खोलीत बसून मी उन्हाळा तयार करते. खान्देशातल्या माणसाला माझा विषय एका वाक्यात कळतो : भर उन्हात काम होत नाही. लेझरचंही तेच रडगाणं आहे, आणि गेली साठ वर्षं या क्षेत्रातलं निम्मं संशोधन त्याच रडगाण्यावर चाललंय असं माझं मत आहे.

लेझर म्हणजे तो डीजेवाला का?

कूळ एक, धंदा वेगळा. डीजेचा लेझर लोकांनी बघावा म्हणून असतो (आणि बघू नये; तो थेट डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होते). आमचा लेझर कोणालाच दिसत नाही. त्याचा उजेड अवरक्त, काही मिलिवॉटचा, आणि केसाएवढ्या काचेच्या तंतूत शिरलेला. तो सेकंदाला अब्जावधी वेळा कमी-जास्त होतो, आणि त्या कमी-जास्तीत तुमचं व्हॉट्सअ‍ॅप असतं.

एवढ्याशा दगडातून उजेड निघतो कसा?

दगड नाही, स्फटिक. त्याच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त; त्या जागांना होल म्हणतात. करंट दिला की दोघं मधल्या थरात भेटतात, इलेक्ट्रॉन त्या जागेत पडतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर येते. इथपर्यंतची गोष्ट घरातल्या एलईडी बल्बचीही आहे.

पुढची गोष्ट आइन्स्टाइननं १९१७ मध्ये कागदावर मांडली. वाटेनं जाणारा एक प्रकाशकण, पडायला तयार असलेल्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन खाली पाडतो, आणि त्यातून निघालेला नवा कण हुबेहूब पहिल्यासारखाच असतो : तीच तरंगलांबी, तीच दिशा, तोच ठेका. एलईडी म्हणजे आठवडे बाजारातली गर्दी, जो तो आपल्या चालीनं. लेझर म्हणजे लेझीमचं पथक. नावं जुळतात हा निव्वळ योगायोग, पण उपमा चपखल बसते म्हणून मी ती सोडत नाही.

पथक जमायला मैदान लागतं. त्यासाठी चिपच्या दोन्ही टोकांना आरसे हवेत. ते वेगळे लावावे लागत नाहीत. स्फटिक ठरावीक रेषेत तोडला की तुटलेली बाजूच आरशासारखी गुळगुळीत निघते आणि सुमारे तीस टक्के प्रकाश आत परत पाठवते. लेझरच्या दृष्टीनं तेवढं भागतं.

आता एक शब्द लक्षात ठेवा, तो पुढे सारखा येणार आहे : उंबरठा करंट. ड्रिपचा पंप सुरू केला की लगेच थेंब पडत नाहीत. नळ्या भरून दाब आला की मग सगळे ड्रिपर एकदम चालू होतात. लेझरचंही तसंच. कमी करंटला नुसता मिणमिणता उजेड. उंबरठा ओलांडला की उजेड सरळ रेषेत वर चढतो. चांगल्या चिपचा उंबरठा दहा मिलिअँपिअरच्या आसपास असतो.

एलईडी स्वस्त असताना लेझर कशाला?

जवळच्या अंतराला एलईडी चालतो, पूर्वी वापरलाही. पण त्याचा उजेड पसरट. तंतूच्या तोंडात त्यातला फार थोडा शिरतो, आणि त्यात पन्नास-शंभर नॅनोमीटरचे रंग मिसळलेले असतात. काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित वेगळा. त्यामुळे एकत्र निघालेला ठोका पुढे जाऊन फाकतो आणि मागच्या ठोक्यात मिसळतो. शिवाय एलईडीला इतक्या झपाट्यानं उघडझाप जमत नाही.

हा शोध नवा आहे का?

नाही. पहिला सेमीकंडक्टर लेझर १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांच्या गटानं जनरल इलेक्ट्रिकमध्ये चालवला. आयबीएम आणि एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले गटही त्याच वर्षी तिथं पोहोचले, आणि डोळ्यांना दिसणारा तांबडा लेझर निक होलोन्याक यांनी केला. म्हणजे काही महिन्यांत सगळं उरकलं. पण मेख अशी की तो लेझर चालवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. उणे १९६ अंश! त्यातही तो सलग चालायचा नाही, नुसते ठोके द्यायचा. बाहेर काढून साध्या खोलीत ठेवला तर उंबरठा इतका वर जायचा की चिप लेझर होण्याआधीच जळायची.

हा घाट चढायला आठ वर्षं लागली. युक्ती १९६३ मध्येच सुचली होती : अमेरिकेत हर्बर्ट क्रोमर यांना, आणि स्वतंत्रपणे लेनिनग्राडच्या योफ्फे संस्थेत झोरेस अल्फेरोव यांना. जिथं उजेड तयार होतो त्या पातळ थराच्या दोन्ही अंगांना वेगळ्या पदार्थाचे थर द्यायचे. आपल्याकडे वाफ्याला बांध घालतात तसं. बांध नसला तर पाणी वावरभर पसरतं आणि पीक कोरडंच राहतं; बांध घातला की थोड्या पाण्यात भागतं. इथं पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल. या बांधाचा दुसरा फायदा असा की प्रकाशही त्याच थरात कोंडला जातो. १९७० मध्ये अल्फेरोव यांचा गट, आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी आणि पॅनिश, अशा दोघांनी खोलीच्या तापमानाला सलग चालणारा लेझर दाखवला. क्रोमर आणि अल्फेरोव यांना २००० चं नोबेल मिळालं.

मला हा इतिहास आवडतो. लेझर शोधला यापेक्षा तो गरमीत चालवला याला नोबेल मिळालं, असं मी घरी सांगते. थोडं ओढूनताणून आहे, पण फार नाही.

नेटच्या पेटीवर १३१०, १४९० असे आकडे असतात, ते काय?

नॅनोमीटरमधली तरंगलांबी. हे आकडे लेझरवाल्यांनी नाही, काचेनं ठरवलेत.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरला वीस डेसिबलपेक्षा कमी घट आणली, तर काचेतून दूरध्वनी चालेल. वीस डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एकच भाग उरणं. आणि तेव्हा तेसुद्धा स्वप्न होतं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीनं सतरावर आणलं. हेच ते १९७०, खोलीत चालणाऱ्या लेझरचं. नवरदेव आणि नवरी एकाच वर्षी लग्नाला आले म्हणायचं. (काचेच्या तंतूंवर त्याही आधी, पन्नाशीच्या दशकात, पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी मोठं काम केलं होतं. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांची आठवण अनेकांनी काढली.)

आजची काच १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच खाते. जळगावहून सोडलेला उजेड पंचवीस किलोमीटरवर भुसावळला पोहोचतो तेव्हा जवळपास तिसरा हिस्सा शाबूत असतो. १३१० ला घट थोडी जास्त, ०.३५ च्या घरात, पण तिथं ठोके फाकत नाहीत. म्हणून या दोन खिडक्या. घरच्या फायबरमध्ये वरून (नेट देणाऱ्या कंपनीकडून) येणारा उजेड १४९० चा आणि घरातून वर जाणारा १३१० चा. एकाच तंतूतून दोन्ही दिशा, वाट अडत नाही.

हो, घरातून वर जाणारा. तुमच्या भिंतीवरच्या पेटीतही एक लेझर आहे, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं.

उन्हाळ्यात दुपारी नेट का जातं?

हा माझा आवडता प्रश्न. उत्तर लांबणार आहे.

लेझरचा उंबरठा तापमानाबरोबर चढतो, आणि व्याजासारखा चढतो, चक्रवाढीनं. फायबरला लागणाऱ्या नेहमीच्या चिप इंडियम, गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणाच्या असतात. तसल्या चिपचा उंबरठा पंचवीस अंशांवरून पासष्टवर गेलं की जवळपास दुप्पट होतो. आता हिशोब करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. पेटीच्या आत आणखी पंधरा-वीस अंश. पासष्ट कसले, चिप त्याच्याही वर असते.

उंबरठा का चढतो? एक कारण, गरम इलेक्ट्रॉन बांधावरून उड्या मारून पळतात. दुसरं कारण जास्त खोडकर आहे, त्याला ऑजे प्रक्रिया म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि होल भेटले, सौदा झाला, पण निघालेली ऊर्जा उजेड न होता शेजारच्या तिसऱ्याच इलेक्ट्रॉननं उचलली. तो ती घेऊन पळतो आणि शेवटी तिची उष्णता करतो. केळीच्या सौद्यात शेतकरी आणि व्यापारी बघत राहतात आणि पैसा मधला माणूस नेतो, तसं. १३०० आणि १५५० सारख्या लांब तरंगांच्या चिपमध्ये हा मधला माणूस फार माजतो. उष्णता वाढली की तो आणखी माजतो. मग तेवढाच उजेड ठेवायला करंट वाढवा, करंटनं उष्णता वाढते, उष्णतेनं उंबरठा वाढतो.

चिपच्या मागे एक छोटा पहारेकरी असतो. तो उजेड मोजत राहतो आणि कमी पडला की करंट वाढवतो. त्यामुळे लेझर तापत चाललाय हे घरच्यांना कळत नाही. कळतं तेव्हा मर्यादा संपलेली असते. शिवाय सतत तापलेला लेझर लवकर म्हातारा होतो.

आता आमच्या घरचा किस्सा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आत्याचं नेट रोज दुपारी एकला जायचं आणि पाचला यायचं. जोडणी देणाऱ्या पोरांचं उत्तर ठरलेलं : "वरून प्रॉब्लेम आहे." मी जाऊन पाहिलं. पेटी स्वयंपाकघरात, पत्र्याखाली, चुलीच्या वरच्या अंगाला ठोकलेली. तिच्यावर सेटटॉप बॉक्स. त्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल! पेटी उचलून मधल्या खोलीत माठाच्या कोपऱ्यात लावली आणि रुमाल आत्याला परत दिला. दुपारचं नेट जाणं थांबलं. गावात माझी पीएचडी त्या दिवशी पूर्ण झाली. श्रेय मात्र मी लेझरला देत नाही. अशा पेटीत लेझरच्या आधी अडॅप्टर आणि प्रोसेसर हात टेकतात.

आणि एक सांगून ठेवते : पेटीवर लाल दिवा लागला, म्हणजे एलओएस, तर गरमीला दोष देऊ नका. वरून उजेडच येत नाहीये. शंभरातल्या बहुतेक वेळा कुठंतरी जेसीबीनं केबल तोडलेली असते.

मग एका तंतूवर सगळं गाव कसं चालतं?

ड्रिपसारखंच. मेन लाइन, सबमेन, लॅटरल. मधे उजेड वाटणारा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही. बत्तीस घरांत वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास येतं, कारण वाटतानाही थोडं सांडतं. पेटी तरीही एका मिलिवॉटच्या पाचशेव्या भागापर्यंतचा उजेड ओळखते. केबल जोडणाऱ्या भावांच्या भाषेत "उणे सत्तावीसपर्यंत रेंज". त्यांना डेसिबल शिकवायला जाऊ नका, ते तुम्हाला शिकवतील.

लांबच्या लाइनला वेगळा लेझर लागतो का?

हो, आणि तिथं गरमीचा दुसरा त्रास आहे : लेझर रंग बदलतो. रेल्वेरुळांच्या कडेनं रेलटेलची फायबर जाते, तशा लांब वाटांवर एका तंतूत चाळीस, ऐंशी वेगवेगळे रंग एकाच वेळी सोडतात, प्रत्येकात वेगळा माल. दोन रंगांमधलं अंतर ०.८ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. लेझर एक अंश तापला की ०.१ नॅनोमीटर सरकतो. म्हणजे आठ अंशांत तो शेजाऱ्याच्या दारात उभा! भुसावळचा लेझर सकाळी एका रंगाचा आणि दुपारी दुसऱ्याच, असं चालत नाही. म्हणून त्याच्याखाली विजेवर चालणारी चिमुकली गारवा-पट्टी बसवतात. कित्येकदा ती लेझरपेक्षा जास्त वीज खाते. मालकापेक्षा पंखेवाल्याचा पगार मोठा.

हे लेझर मुळात एकाच रंगाचे असावे लागतात. नुसत्या दोन आरशांच्या चिपमध्ये पाच-दहा रंग एकदम गातात. त्यावर उपाय म्हणजे थराच्या अंगालाच कंगव्यासारख्या खाचा कोरायच्या, १५५० साठी दर २४० नॅनोमीटरला एक. मग एकच रंग टिकतो. या दिशेनं जपानात यासुहारू सुएमात्सू यांनी मोठं काम केलं. लांब वाटेवर उजेड थकला की अर्बियम मिसळलेल्या तंतूतून तो पुन्हा ताजा करतात. ही १९८७ ची युक्ती, आणि त्या तंतूला ऊर्जा पुरवायलाही ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा सेमीकंडक्टर लेझरच लागतो.

मग तू त्यात नवीन काय करतेस?

मी क्वांटम डॉटच्या लेझरवर काम करते. साध्या लेझरमधला उजेडाचा थर चादरीसारखा सपाट असतो, पाच-दहा नॅनोमीटर जाड. त्यात इलेक्ट्रॉनला इकडंतिकडं फिरायला मोकळीक मिळते, आणि गरमी झाली की तो वरच्या ऊर्जेत पसरतो. १९८२ मध्ये अराकावा आणि साकाकी यांनी मांडलं की चादरीऐवजी ठिपके केले, म्हणजे इलेक्ट्रॉनला तिन्ही बाजूंनी कोंडलं, तर त्याला ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहावं लागेल. पायऱ्यांमधलं अंतर मोठं असेल तर गरमीनं त्याला वर उडी मारता येणार नाही. उंबरठा हलणारच नाही.

ठिपके कोरून काढत नाहीत, ते आपोआप होतात. गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचा थर चढवायला घेतला की दोन्हींच्या अणूंच्या जाळीत सात टक्क्यांचा फरक पडतो. पहिला थर मुकाट्यानं बसतो, दुसरा बसता बसता ताण असह्य होतो आणि पदार्थ गोळा होऊन ठिपके उठतात, दिसायला अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे. एका चौरस सेंटिमीटरमध्ये हजार ते दहा हजार कोटी! आणि त्यांचा उजेड नेमका १३०० च्या आसपास आणता येतो.

अडचण अशी की सगळे ठिपके सारखे नसतात. एकाच झाडाची बोरं तरी कुठं सारखी असतात? प्रत्येकाचा रंग किंचित वेगळा, म्हणून पथक पुन्हा विस्कळीत. शिवाय होलच्या पायऱ्या फार जवळजवळ असतात, ते गरमीत पसरतात. त्यावर आधीच जास्तीचे होल भरून ठेवायचे हा उपाय आहे. त्यानं उंबरठा स्थिर होतो, पण मुळात थोडा वर जातो. किती भरायचे म्हणजे दोन्ही जमेल, एवढ्या एका प्रश्नावर माझी दोन वर्षं गेलीत. गेल्या हिवाळ्यात एक अख्खी रांग छान निघाली आणि सुई टेकवताना माझ्याच हातून तिचे सोन्याचे पट्टे खरवडले. जळगावच्या सराफाला दाखवलं असतं तर तो हसला असता.

मोबाइलची चिप सिलिकॉनची, मग लेझर सिलिकॉनचा का नाही?

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल यांचा संवेग जुळत नाही, म्हणून भेट झाली तरी उजेड जवळजवळ निघत नाही. म्हणून इंडियम फॉस्फाइडचा तुकडा सिलिकॉनवर चिकटवतात. इंटेल आणि सांता बार्बराच्या विद्यापीठानं २००६ मध्ये तसा लेझर दाखवला. आता थेट सिलिकॉनवर ठिपके उगवायचा प्रयत्न चालू आहे, कारण खालच्या स्फटिकात तडा असला तरी सगळे ठिपके बिघडत नाहीत. डेटा सेंटरवाल्यांना हे लवकर हवंय. तापलेल्या प्रोसेसरच्या शेजारी बसून चालेल असा लेझर पाहिजे. म्हणजे पुन्हा आमचाच उन्हाळा.

हे आपल्याकडे होतं का, की सगळं परदेशात?

होतं, आणि फार लांबही नाही. धुळ्याहून आग्रा रोडनं सरळ वर गेलं की इंदूर. तिथल्या राजा रामण्णा केंद्रात सेमीकंडक्टर लेझरचे थर वाढवतात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्लीत डीआरडीओची सॉलिड स्टेट प्रयोगशाळा, बंगळूरला भारतीय विज्ञान संस्था, मद्रास आयआयटीत सिलिकॉनवरच्या प्रकाश-सर्किटांचं काम. काचेचा तंतू तर छत्रपती संभाजीनगरजवळ बनतो. कमतरता आहे ती संदेशवहनाच्या लेझर चिप घाऊक बनवण्याची. तंतू इथला आणि त्यात शिरणारा उजेड बहुतेक बाहेरचा, हे मला खुपतं.

फायबरच्या टोकात डोळा लावला तर दिसतं का?

लावू नका. उजेड दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं. टीव्हीच्या रिमोटचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतो, तशी फायबर तपासायला पोरं जातात. रिमोट साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. कॅमेऱ्यातलं सिलिकॉन ११०० च्या पुढे आंधळं आहे, १३१० त्याला दिसणारच नाही. जोडणारे लाल उजेडाचं पेन वापरतात, ते तंतू कुठं तुटला हे शोधायला.

पोरीला फिजिक्सला घातलं तर या लाइनला येता येईल का?

येईल. मी आलेच की. बीएस्सी अमळनेर, धुळे, जळगाव कुठंही करा. एमएस्सीसाठी जॅम परीक्षा द्या, किंवा आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात करा. पुढे पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. गणितापेक्षा जास्त उपयोग हाताचा होतो : सोल्डरिंग, व्हॅक्यूम पंप उघडून बसवणं, गळती शोधणं. आमच्या प्रयोगशाळेतला सर्वात मोलाचा माणूस आयटीआयचा फिटर आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या जिभाऊंनी मला लहानपणी मोटर बांधताना शेजारी बसवलं, ते पाठ्यपुस्तकाइतकंच कामी आलं.

पैसे मिळतात का?

जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या शिष्यवृत्तीला, महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, २०२३ पासून. कधी वेळेवर, कधी तीन महिने एकदम.

आत्याचं नेट आता नीट चालतं का?

दुपारी चालतं. मागच्या महिन्यात पुन्हा गेलं होतं, लाल दिवा. मी तापमानमापक घेऊन गेले. उंदरानं केबल कुरतडली होती.